सगळे म्हणाले, सुधारला

हिशेबनिसाच्या बायकोने पिशवीतून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला. नवऱ्याच्या ऑफिसातला अकरा वर्षांचा रजेचा तक्ता, बँकेची पासबुकं, व्यसनमुक्ती केंद्राची दोन डिस्चार्ज कार्डं, आणि सहा वर्षांपूर्वी मीच लिहून दिलेली एक चिठ्ठी. नवरा वरच्या मजल्यावर वॉर्डात होता. शेवटचा पेला घेऊन अठरा तास झाले होते, हात थरथरत होते, नाडी ११८. दारूसाठी त्याला भरती करायची ही तिसरी वेळ.

"डॉक्टर, मला एकच सांगा," ती म्हणाली. "दारूमुळे यांचं डोकं फिरतं, की डोकं फिरतं म्हणून हे दारू पितात? केंद्रात सांगतात दारू सोडा, सगळं ठीक होईल. तुम्ही सांगता मूड सांभाळा. मी कुणाचं ऐकू?"

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हिशेबनीस हे टोपणनाव, आणि हा माणूस जसाच्या तसा कुठे सापडणार नाही. मानसोपचाराच्या कामात भेटलेल्या काही जणांच्या हकिगती एकत्र विणून ही एक केली आहे. चुका मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांतल्या काही माझ्या आहेत.

माझी चिठ्ठी

सहा वर्षांपूर्वी तो २६ वर्षांचा होता. मोठा भाऊ घेऊन आला होता. तीन महिने कामात लक्ष नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण उतरत नाही, "माझा कुणाला काही उपयोग नाही" हे पालुपद. रोज संध्याकाळी पिणं सुरू झालेलं. मी निदान लिहिलं: नैराश्य, सोबत मद्यपानाची समस्या. नैराश्यावरची गोळी दिली, दारू थांबवायला सांगितलं, महिन्याने बोलावलं.

महिन्याने जो आला तो वेगळाच माणूस होता. गुळगुळीत दाढी, चेहऱ्यावर तेज, बसल्या बसल्या माझ्या टेबलावरच्या फायली कशा लावल्या तर माझा वेळ वाचेल ते मलाच समजावून सांगितलं. पहाटे चारला उठून फिरायला जातो म्हणाला. दारू? "लागतच नाही हो आता." भाऊ खूश, मी खूश. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात एकच शब्द आहे: "सुधारणा". पुढच्या तारखेला तो आला नाही. बरं वाटलं म्हणून आला नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता ती चिठ्ठी वाचताना न विचारलेले दोन प्रश्न डोळ्यांत खुपतात. झोप कमी होऊनही थकवा नाही, तोंड थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही, असे दिवस याआधी कधी आले होते का? आणि घराण्यात कुणाला असं काही होतं का? बायपोलर म्हणजे उन्मादाचे चढ आणि नैराश्याच्या पडी असा दोन टोकांत हेलकावणारा आजार. त्याचा रुग्ण आमच्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा पडलेल्या अवस्थेत. चढलेल्या अवस्थेत त्याला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलेलं नसतं, मग तो डॉक्टरकडे कशाला फिरकेल? त्यामुळे चढाचा इतिहास खणून काढावा लागतो, आणि रुग्णापेक्षा घरच्यांना तो जास्त आठवतो. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता नुसती नैराश्यावरची गोळी दिली, तर अशा काही रुग्णांची गाडी खालून निघते ती मधे न थांबता थेट वर जाते. माझ्यासमोर बसलेला तो टवटवीत माणूस म्हणजे कदाचित माझ्याच गोळीची करामत होती.

घराण्याचा प्रश्न यंदा विचारला. "मामा दारूने गेला," एवढंच आधी सगळ्यांनी सांगितलं. मग त्याच्या आईने हळूच भर घातली. मामा कधी कधी रात्ररात्र जागा राहून घरातलं सामान हलवायचा, एकदा तर कुणाला न विचारता दारावरची गाय विकून आला होता, आणि मग महिनोन्‌महिने अंथरुणातून उठायचा नाही. त्याच्या या वागण्याला घरात नाव नव्हतं. दारूला नाव होतं, म्हणून मरणाचं कारण तिच्या नावावर जमा झालं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मानसिक आजारांत सर्वांत मोठ्यांपैकी आहे. "दारूने गेला" असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्याच्याविषयी मी आता आणखी दोन प्रश्न विचारतो.

केंद्रातला आदर्श माणूस

चार वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात गेला. पहिले दहा दिवस जड गेले, मग रुळला, आणि दुसऱ्या महिन्यात केंद्राचा लाडका झाला. सकाळची प्रार्थना हा घ्यायचा, नवीन आलेल्यांना धीर हा द्यायचा. केंद्राचे हिशेब विस्कटलेले होते, ते याने तीन रात्रींत लावून दिले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे: "अत्यंत उत्साही. इतरांना प्रेरणादायी." निरोपाच्या दिवशी तो पाऊण तास बोलला आणि ऐकणारे रडले.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. तीन रात्रींत हिशेब लावले, म्हणजे तीन रात्री तो झोपला नव्हता. आणि थकलाही नव्हता. दारूचा थेंब पोटात नसताना, सोडून पाच-सहा आठवडे उलटल्यावर, त्याचा चढ सुरू झाला होता. सगळ्यांनी त्याला सुधारणा म्हटलं, कारण सगळ्यांच्या हातात मोजपट्टी एकच होती: पितो का? पीत नाही. मग उत्तम.

केंद्राला दोष देण्यात अर्थ नाही. नुकतं पिणं थांबवलेल्या माणसात एक हुरूप येतोच. सकाळ स्वच्छ दिसते, घरचे हसून बोलतात, आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटतं. व्यसनमुक्तीच्या वर्तुळात याला "गुलाबी ढग" म्हणतात आणि तो पुढे ओसरतो हेही सगळ्यांना माहीत असतं. गुलाबी ढग आणि सौम्य उन्माद वरून सारखेच दिसतात. फरक शोधायचा झोपेत. दारू नुकतीच सोडलेल्या माणसाची झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली असते, पण तो तक्रार करतो: "रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दिवसभर अंग मोडून येतं." उन्मादाकडे निघालेला तक्रार करतच नाही. तीन तास झोपून तो ताजातवाना उठतो आणि तुम्हाला विचारतो, लोक एवढे झोपतात तरी कशाला? एकाला झोप मिळत नाही. दुसऱ्याला तिची गरज उरत नाही.

घरी आल्यावर चौथ्या महिन्यात त्याने नोकरी सोडायचं ठरवलं. स्वतःचं व्यसनमुक्ती केंद्र काढणार होता. तीन नातेवाइकांकडून कर्ज घेतलं, इमारत बघून विसार दिला, पत्रकं छापून घेतली. बायकोने "जरा सबुरीने घ्या" म्हटलं तर "तुला मी पिणाराच बरा वाटत होतो का?" असं तोंडावर फेकलं. त्यावर ती काय बोलणार? दारू सुटल्याचं पुण्य त्याच्या गाठीशी होतं आणि त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे त्या पुण्याला नाट लावणं. सहाव्या महिन्यात सगळं कोसळलं. कर्ज मागणारे दारात, हा अंथरुणात. सातव्या महिन्यात बाटली परत आली. केंद्राने दुसऱ्या कार्डावर लिहिलं: "रिलॅप्स. इच्छाशक्ती कमी."

कागदावर काढलेली अकरा वर्षं

वॉर्डातला चौथा दिवस उलटल्यावर आम्ही तिघं बसलो: तो, बायको आणि मी. लांब कागदावर एक आडवी रेघ काढली. रेघेच्या वर चढ, खाली पड, आणि त्याखाली वेगळ्या पट्टीत दारू. ही युक्ती नवी नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी उन्माद आणि नैराश्य हे एकाच आजाराचे दोन चेहरे आहेत हे दाखवताना रुग्णांच्या आयुष्याचे असेच तक्ते मांडले होते. (जाता जाता: हा गृहस्थ स्वतः दारूचा कट्टर विरोधक होता.)

माणसाची स्मरणशक्ती अशा वेळी दगा देते. पडलेला माणूस म्हणतो मी कायमच असा होतो, चढलेला म्हणतो मी कधीच पडलो नव्हतो. म्हणून कागद लागतात, आणि इथे तर पुढ्यात हिशेबनीसच होता. रजेच्या तक्त्यात काही वर्षी सलग बिनपगारी रजा आणि काही वर्षी आठ-आठ महिने एकही रजा नाही, उलट सुट्टीच्या दिवशीही हजेरी. पासबुकात त्याच न-रजेच्या महिन्यांत पैसे काढल्याच्या नोंदी दाट. तो स्वतः बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला. "इथे मी तीन कोर्सना एकदम नाव घातलं होतं," म्हणाला. "एकविसाव्या वर्षी. तेव्हा मी पीत नव्हतो."

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या वर्षी, तीन महिने कॉलेजला न जाता पडून काढलेले होते. पहिला पेला बाविसाव्या वर्षी. बायकोच्या प्रश्नाचं एक उत्तर कागदावर आलं होतं: याच्या बाबतीत मूड आधी, दारू नंतर. अनेकांत हे उलट असतं, आणि काहींत दोन्ही एकाच वर्षी उगवतात. आजार दारूनेच ओढवला की तो आपल्या पायावर उभा आहे हे ठरवायला आमच्याकडे एक ढोबळ कसोटी आहे. पिणं पूर्ण थांबून साधारण महिना उलटला तरी मूडची लक्षणं टिकली, किंवा कोरड्या काळात नव्याने उगवली, तर दारूच्या माथी सगळं मारता येत नाही. केंद्रातल्या त्या दुसऱ्या महिन्याने ही कसोटी चार वर्षांपूर्वीच पार केली होती. ती कुणी तपासली नाही, एवढंच.

पण मला खरं अडखळायला लावलं ते त्याने दारूची पट्टी भरली तेव्हा. माझी अपेक्षा होती की दारू खड्ड्यांखाली दाट असेल. दुःख बुडवायला माणूस पितो, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खँत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलेली "स्वतःच स्वतःवर उपचार" ही कल्पना याच अंगाने जाते: माणूस नशा निवडतो ती त्याच्या विशिष्ट वेदनेवरचा उतारा म्हणून. हिशेबनिसाची पट्टी खड्ड्यांखाली होतीच. पण सर्वांत काळी झाली ती शिखरांखाली.

"खाली असताना पितो ते दुखतं म्हणून," तो म्हणाला. "वर असताना..." मग बराच वेळ गप्प. "वर असताना आधी मजा म्हणून पितो. मग डोकं थांबत नाही. रात्री दोनला वाटतं, कुणीतरी बटण बंद करा. मग थांबवायला पितो."

या दोन वाक्यांत उतारा आणि इंधन दोन्ही आहेत. चढात मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा आधीच तापलेली असते. धोका दिसत नाही, मजा दुप्पट वाटते, आणि "आपल्याला काही होत नाही" याबद्दल शंका नसते. त्यात झोप येईना म्हणून दारू. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांत मोडते आणि पहाटे तीनला माणूस टक्क जागा. झोप तुटली की बायपोलरचा मेंदू आणखी वर सरकतो, कारण झोपेचं तुटणं हे उन्मादाच्या सर्वांत खात्रीच्या ठिणग्यांपैकी एक. दुसऱ्या रात्री दारू जास्त लागते. तक्त्यावर याचा परिणाम डोळ्यांनी दिसत होता. विशीतले चढ-उतार वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने होते. रोजचं पिणं सुरू झाल्यापासून ते दर चार-पाच महिन्यांनी येऊ लागले होते.

तेव्हा बायकोला मी सांगितलं ते असं: सुरुवात कुणी केली ते आपल्याला कळलं, पण आता दोघं एकमेकांना पोसताहेत. एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घातलं तर पहिला परत येतो. हा माणूस काही जगावेगळा नाही, हेही सांगितलं. अमेरिकेत २०,००० हून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बायपोलरचा तीव्र प्रकार असलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं किंवा दुसऱ्या कुठल्या पदार्थाचं व्यसन किंवा गैरवापराची समस्या जडलेली होती. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इच्छाशक्ती कमी असं जे लिहिलंय..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

औषधं, आणि भावाची मागणी

भरतीचे पहिले चार दिवस फक्त दारू उतरवण्याचे. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डिलिरियम ट्रेमन्स: भ्रम, भास, ताप, वेडीवाकडी नाडी. याने जीव जाऊ शकतो, म्हणून घरच्या घरी खोलीत कोंडून दारू सोडवण्याचे प्रयोग करू नयेत. त्याला लोराझेपाम हे शांत करणारं औषध उतरत्या डोसमध्ये दिलं, कारण यकृत सुजलेलं असताना ते तुलनेने सुरक्षित. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली. थायमिनची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. या दिवसांत मी मूडबद्दल काहीही ठरवलं नाही. दारू उतरताना दिसणारी बेचैनी, बडबड, निद्रानाश उन्मादासारखाच दिसतो, आणि त्या धुरात निदान करू नये.

मूड स्थिर ठेवायला लिथियम की व्हॅल्प्रोएट, यावर मी दोन दिवस घालवले. व्हॅल्प्रोएटच्या बाजूने एक नेमका पुरावा आहे. बायपोलर आणि दारूचं व्यसन दोन्ही असलेल्या ५९ रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या चाचणीत (२००५) नेहमीच्या उपचाराला व्हॅल्प्रोएटची जोड दिलेल्या गटात भरमसाट पिण्याचे दिवस कमी झाले. चाचणी लहान, पण या विषयात चाचण्याच मुळात कमी आहेत. संशोधकांना शुद्ध रुग्ण हवे असतात आणि व्यसन असलेल्याला ते दारातूनच परत पाठवतात, मग खऱ्या ओपीडीत येणाऱ्यांबद्दल आपल्याला कळणार कसं? इथे मात्र व्हॅल्प्रोएटच्या आड यकृत आलं. यकृताच्या चाचण्या तिप्पट वाढलेल्या, आणि हे औषध यकृतातूनच जातं. लिथियम यकृताला हात लावत नाही, मूत्रपिंडातून सरळ बाहेर पडतं. मूत्रपिंड आणि थायरॉइड ठीक होते. शिवाय गेल्या पडीच्या काळात त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका पुरावा दुसऱ्या मूड-स्थिरकाकडे नाही. लिथियम ठरलं. नैराश्यावरची गोळी बंद.

मोठ्या भावाला हे सगळं कमी वाटलं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ती प्यायला की ओकारी आणणारी गोळी असते ना, ती द्या. चहातून टाकू, त्याला कळायला नको." डायसल्फिराम. न सांगता दिलेलं डायसल्फिराम आणि वर दारू, या जोडीने माणसाचा रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. शिवाय हे औषध मेंदूत डोपामिन वाढवू शकतं आणि काहींत उन्माद किंवा भ्रम पेटवतं. मी नाही म्हटलं. भाऊ रागावला, आणि त्याचा राग मला समजला. त्याने दोनदा कर्ज फेडलं होतं.

जे सोडवत नव्हतं

दारू सुटणं सोपं नव्हतं, पण त्याबद्दल तो मोकळेपणी बोलायचा. ज्याबद्दल बोलत नव्हता ते तिसऱ्या महिन्यात बाहेर आलं. लिथियम रक्तात नीट होतं, झोप सात तास, कामावर परत रुजू. बायको म्हणाली सगळं छान आहे. तो म्हणाला, "सगळं छान आहे. सगळं करड्या रंगाचं आहे."

व्यसनाच्या उपचारात आपण नेहमी विचारतो, तलफ कशाची येते? त्याला तलफ येत होती ती चढाची. तीन रात्रींत हिशेब लावणाऱ्या, लोकांना रडवणाऱ्या, पहाटे चारला जगाच्या आधी उठणाऱ्या त्या माणसाची. बाटली त्या माणसाकडे नेणारा एक रस्ता होता, आणि लिथियम बंद करणं हा दुसरा. मी त्याला "ते आजारपण होतं" असं सांगायच्या बेतात होतो. सांगितलं नाही, कारण त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस त्याच आजारपणात पडले होते, हेही खरं होतं. आम्ही चार बैठका फक्त त्यावर घालवल्या. काय गेलं याची यादी त्याने लिहिली, सुबक, खतावणीसारखी. डाव्या बाजूला त्या दिवसांनी काय दिलं, उजव्या बाजूला काय नेलं. उजवी बाजू लांब होती, पण डावी रिकामी नव्हती, आणि ती खोडायला मी त्याला सांगितलं नाही.

अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ रॉजर वाइस यांनी बायपोलर आणि व्यसन असलेल्यांसाठी गट-उपचाराची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशी हाच धागा आहे. तिथे दोन आजार वेगळे मोजत नाहीत, एकच धरतात. "आता मी बरा आहे, गोळी कशाला?" आणि "आता मी बरा आहे, एक पेला चालेल" ही त्यांच्या लेखी एकाच विचाराची दोन रूपं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ६२ रुग्ण होते, वीस आठवड्यांचा गट. नुसत्या व्यसन-समुपदेशनाच्या गटापेक्षा यांचे नशेचे दिवस कमी राहिले. असा गट त्याला मिळाला नाही. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या बैठकीला तो जायचा, तिथे एकाने त्याला ऐकवलं, "गोळ्यांवर राहून सोबर? ती पण नशाच की." तो आठवडाभर विचारात पडला. या संघटनेची लेखी भूमिका अशी आहे की कुणा सभासदाने डॉक्टर बनून दुसऱ्याची औषधं बंद करायला लावू नयेत. ती त्याला सांगितली. पण त्याला पटलं ते बैठकीतल्याच एका म्हाताऱ्या सभासदामुळे. "माझी साखरेची गोळी आहे, ती पण सोडू का?" असं त्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

कंप

नवव्या महिन्यात रात्री भावाचा फोन. "प्यायलाय. चालताना झोकांड्या जातायत, जीभ जड झालीय, हात थरथरतायत. मी सांगत होतो ना?" बायको पाठीमागून ओरडत होती की ते घराबाहेर पडलेलेच नाहीत. भावाने तोंडाचा वास घेऊन पाहिला होता. वास नव्हता. तरी त्याची खात्री ढळली नव्हती.

त्याला आणलं तेव्हा श्वासात अल्कोहोल शून्य. रक्तात लिथियम १.९. दर लिटरला ०.६ ते ०.८ मिलिइक्विव्हॅलंट ही आमची ठरलेली रेघ, आणि १.५ च्या वर विषबाधा सुरू होते. चार दिवस दाढ दुखत होती म्हणून त्याने आयबुप्रोफेन घेतलं होतं, सकाळ-दुपार-रात्र. त्यात दोन दिवस जुलाब. आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला लिथियम बाहेर टाकू देत नाहीत, आणि अंगातलं पाणी कमी झालं की ते आणखी साठतं. "दुखण्यावर पॅरासिटामॉलच घ्या" हे मी त्याला सांगितलं होतं. घरच्यांना सांगितलं नव्हतं, आणि दाढदुखीची गोळी आणून दिली होती भावाने.

लिथियम थांबवलं, सलाइन, दर काही तासांनी रक्त. तिसऱ्या दिवशी पातळी उतरली, बोलणं स्पष्ट झालं. या माणसाच्या हातांचा कंप मी तीनदा पाहिला आहे. वॉर्डात दारू उतरतानाचा. नंतर महिनोन्‌महिने लिथियमचा बारीक, कप बशीवर किणकिणवणारा, जो चालवून घ्यावा लागतो. आणि त्या रात्रीचा जाड, लटपटणारा, जो जीव घेऊ शकला असता. घरच्यांच्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच होता. व्यसनी माणसाचा कुठलाही आजार आधी दारू समजला जातो, मग त्याला दुखत असो, ताप असो की विषबाधा असो.

शुद्धीवर आल्यावर भाऊ खाटेशी उभा होता. तो त्याला म्हणाला, "दादा, वास घेतलास ना? नव्हता ना?" भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून टाळायच्या गोळ्यांची यादी लिहून घेतली, आणि मग पहिल्यांदाच मूडबद्दल विचारलं: वर जायला लागला की सगळ्यात आधी काय दिसतं?

आम्ही चौघांनी मिळून ती खूण ठरवली. पिणं, खर्च, भांडण, या सगळ्या उशिराच्या खुणा. त्याची पहिली खूण होती आवराआवर: रात्री अकरानंतर तो कपाटं, फायली, भांडी लावायला घेतो. सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि आवराआवर, तर फोन करायचा. कुणी करायचा? यावर वाद झाला. शेवटी तो म्हणाला, आधी मी, मी नाही केला तर ही, हिने नाही केला तर दादा.

चौदाव्या महिन्यात दोन दिवस स्लिप झाली. लग्नघरातून परत येताना प्यायला, दुसऱ्या दिवशीही प्यायला, तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला आला. लिथियम चुकवलं नव्हतं. तक्त्यावर आम्ही ती दोन दिवसांची काळी पट्टी भरली. तिच्यावर शिखर नव्हतं, खाली खड्डाही नव्हता. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच.

मागच्या महिन्यात तो अपॉइंटमेंट नसताना आला. बाहेर बरेच रुग्ण होते, तो दोन तास बसून राहिला. आत आल्यावर खुर्चीत बसण्याआधीच बोलायला लागला, नेहमीपेक्षा थोडा भरभर.

"प्यायलेलो नाही. कुणाशी भांडलो नाही. पैसे पण नाही काढले. पण तीन रात्री चार तासच झोपतोय, आणि काल रात्री मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून उंचीप्रमाणे लावले." मग जरा थांबला. "एवढ्यावर आलो तर चालतं ना?"

त्याची बायको आली नव्हती. पहिला फोन करायची पाळी त्याची होती, म्हणाला.